तोफखाना दर डावाला फुकट का जातो? कारणं आणि उपाय

छत्रपती संभाजीनगर, लातूर, नांदेड या भागात वॉरहॅमर, म्हणजे टेबलावर छोट्या मूर्तींचं सैन्य मांडून फाशांवर खेळायचा लढाईचा खेळ, खेळणारी मंडळी मोजकी आहेत, त्यामुळे एकाची तक्रार सगळ्यांच्या कानावर पडते. त्यातली एक तक्रार दर महिन्याला नव्याने येते: "दादा, दोन तोफा घेतल्या, मन लावून रंगवल्या, आणि डावात त्यांनी काहीच केलं नाही. एक गोळा पुढे निघून गेला, एकाला मिसफायर पडला, आणि तिसऱ्या टर्नला गरुडाने येऊन गोलंदाज खाल्ले." पुढच्या डावाला तोच खेळाडू त्याच तोफा त्याच कोपऱ्यात मांडतो आणि पुन्हा तेच घडतं. मग फाशांवर राग निघतो, आणि एक दिवस तोफा विकायला निघतात.

विकू नका. तोफखाना हा या खेळातला सगळ्यात विचार करायला लावणारा भाग आहे, आणि त्याचा बिघाड बहुतेक वेळा पहिला फासा पडायच्या आधीच झालेला असतो. नेमाचा बिंदू चुकलेला असतो, तोफेची जागा चुकलेली असते, किंवा बाकीच्या सैन्याने तोफेला वाऱ्यावर सोडलेलं असतं. तिन्ही गोष्टी दुरुस्त होतात, आणि त्यासाठी एक पैसाही लागत नाही.

खालचे आकडे वॉरहॅमरच्या २०१० सालच्या आठव्या आवृत्तीचे आहेत, कारण आपल्याकडे अजून बरेच जण तीच पुस्तकं वापरतात. २०२४ ला आलेल्या ओल्ड वर्ल्ड या त्याच्या नव्या रूपातही आर्टिलरी डाइस, म्हणजे तोफांचा खास फासा, आहेच, पण पल्ला, घाव आणि मिसफायरचा तक्ता आपापल्या पुस्तकातून ताडून घ्या. विचार करायची पद्धत दोन्हीकडे तीच राहते.

गोळा लक्ष्याच्या पलीकडे जातो

ही सगळ्यात मोठी गडबड आहे, म्हणून तिच्यावर जास्त वेळ घालवतो.

आर्टिलरी डाइसला सहा बाजू असतात: २, ४, ६, ८, १० आणि एका बाजूला मिसफायर, म्हणजे तोफ बिघडल्याची खूण. तोफ डागताना आधी टेबलावर एक बिंदू सांगायचा. मग फासा टाकायचा आणि जेवढा आकडा येईल तेवढे इंच त्या बिंदूच्या पुढे गोळा पडतो. त्यानंतर दुसरा फासा टप्प्याचा. पडलेल्या जागेपासून तेवढे इंच गोळा सरळ पुढे उसळत जातो आणि त्या रेषेत जे येईल त्याला लागतो. टप्प्याच्या फाशावर मिसफायर आला तर तोफेला काही होत नाही, गोळा पडल्या जागी रुततो.

आता नवा खेळाडू काय करतो? समोर राक्षस दिसतो, तो राक्षसाच्या बेसच्या (मूर्तीखालच्या बैठकीच्या) मधोमध बोट ठेवतो आणि म्हणतो, "इथे." बेस २ इंच खोल असेल तर गोळा त्याला लागण्याची शक्यता शून्य आहे. थोडी कमी वगैरे नाही, शून्यच. कारण गोळा त्या बोटापासून किमान २ इंच पुढे पडणार आणि बेस तिथून १ इंचावरच संपतो. बेसच्या पुढच्या कडेवर नेम धरला तर फक्त २ पडल्यावर लागतो, म्हणजे ३६ पैकी ६ वेळा. माणूस डावामागून डाव असा नेम धरतो आणि फाशाला शिव्या देतो.

बिंदू काढायची रीत सोपी आहे. टेपचं टोक तोफेच्या तोंडाशी धरा आणि टेप लक्ष्याच्या बेसच्या मागच्या कडेपर्यंत ताणा. पुढच्या नाही, मागच्या. तो आकडा वाचा, त्यातून १० वजा करा, उरेल तो नेमाचा बिंदू. मागची कडा ३४ इंचांवर असेल तर नेम २४ वर.

आता ताडून बघा. पहिल्या फाशावर मोठ्यात मोठा आकडा १०, म्हणजे गोळा जास्तीत जास्त ३४ वर, बेसच्या कडेवरच. पलीकडे जायला जागाच उरत नाही. आकडा कमी पडला तर गोळा अलीकडे पडतो आणि टप्पा त्याला पुढे ओढत नेतो. २ इंच खोल बेस असेल तर दोन्ही फाशांच्या ३६ जोड्यांपैकी २४ जोड्यांमध्ये गोळा लागतो. ४ इंच खोल, ड्रॅगनसारखा लांब बेस असेल तर २७ जोड्यांमध्ये. शून्यावरून तीनात दोन, आणि मोठ्या बेसला चारात तीन. वहीत सहा गुणिले सहाचा तक्ता आखून स्वतः मोजा. दहा मिनिटांचं काम आहे, पण एकदा स्वतःच्या हाताने मोजलं की नेम धरायचा हात आपोआप मागे येतो.

बारीक गोष्ट: कडेवर बरोबर नेम न धरता केसभर आत धरा. मॉडेल कुणाच्या कोपराने किंचित सरकतं आणि मग "लागलं की नाही" यावर अर्धा तास जातो.

सातव्या आवृत्तीपर्यंत नेम डोळ्याने अंदाज बांधूनच सांगावा लागायचा, आधी टेप लावायला मनाई होती. ज्यांनी खेळ त्या काळातल्या लोकांकडून शिकला ते अजूनही सवयीने टेप खिशात ठेवून नेम सांगतात. आठव्या आवृत्तीत केव्हाही मोजता येतं. समोरचा वैतागला तरी मोजा, तो तुमचा हक्क आहे.

पायदळाच्या चौकोनावर मारायचं असेल तर वेगळा विचार करावा लागतो. गोळा रेषेत जातो, म्हणून रेषेत जितके सैनिक येतील तितकेच मरणार. समोरून मारलं तर दर रांगेतला एक, म्हणजे पाच रांगांना पाच. दहा जणांच्या रुंदीच्या पलटणीला बाजूने मारलं तर एका रांगेतले दहा. म्हणून पायदळावर तोफ वापरायची तर ती टेबलाच्या टोकाकडून, तिरकी. तेही मोठा राक्षस, रथ किंवा महागडं घोडदळ समोर नसेल तरच. स्वस्त पायदळावर तोफेचा गोळा घालवायला माझा विरोध आहे.

दुसऱ्या-तिसऱ्या टर्नला तोफ मरते

टेबल ६ फूट बाय ४ फुटांचं, म्हणजे ७२ बाय ४८ इंच. दोघांची मांडणी आपापल्या कडेपासून १२ इंचांत, मध्ये २४ इंच मोकळे. तोफ अगदी मागे ठेवली तरी शत्रूच्या पहिल्या रांगेपासून ती साधारण ३४ इंचांवर येते. उडणारं युनिट एका टर्नमध्ये २० इंच जातं. उरले १४. पुढच्या टर्नला ते चार्ज करतं, म्हणजे धावून अंगावर येतं, आणि तोफेला चार्ज येताना गोळी झाडायची मुभा नसते. म्हणजे तुम्ही पहिले खेळलात तरी तोफेला दोन वेळा डागायला मिळतं आणि गोष्ट संपते. सहा टर्नच्या डावासाठी पैसे मोजून दोन टर्नचं काम घेतलं.

यावर लोक काय करतात, तर तोफेच्या समोर दहा भालेवाले उभे करतात. पायी येणाऱ्यांना ते अडवतात, पण गरुड त्यांच्या डोक्यावरून येतो. उडणाऱ्याला अडवायचं तर त्याला उतरायला जागाच ठेवू नका. चार्ज करणाऱ्याचा बेस तोफेला टेकला पाहिजे, आणि जिथे तुमचं युनिट उभं आहे तिथे तो बसू शकत नाही. म्हणून तोफेच्या मागे टेबलाच्या कडेपर्यंत एखादा बेस बसेल एवढी जागा सोडू नका. एका बाजूला टेकडी किंवा घर घ्या, दुसऱ्या बाजूला छोटी पलटण चिकटवा. मग उरते ती समोरची अरुंद गल्ली, जी गोळ्यासाठी लागतेच. येणारा तिथूनच येणार हे तुम्हाला आधीच माहीत असतं.

त्याहून चांगला उपाय असा की गरुड पहिल्या टर्नला उतरला की दुसऱ्या टर्नला तो उभाच राहू नये. तो तोफेपासून १४ इंचांवर उघड्यावर उतरलेला असतो. दहा क्रॉसबोवाले शेजारी असतील तर त्यांचा पल्ला ३० इंच. निम्म्या पल्ल्याच्या आतल्या लक्ष्यावर निम्मे बाण लागतात आणि लागलेल्यातल्या निम्म्यांनी घाव होतो, म्हणजे सरासरी अडीच घाव. मोठा गरुड तीन घावांतच मरतो. आणखी पाच धनुष्यवाल्यांनी हात लावला की तो गेला. या दहा जणांना तोफेचे सोबती म्हणून सैन्याच्या यादीतच लिहा. "पुढे गरज पडली तर नेऊ" असं म्हणून त्यांना मध्यभागी ढकललं की तोफ गेलीच समजा.

आपल्या जालना जिल्ह्यात असई आहे. २३ सप्टेंबर १८०३ ला तिथे शिंदे-भोसल्यांच्या फौजेची इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीशी गाठ पडली. शिंद्यांचा तोफखाना युरोपीय पद्धतीने घडवलेला आणि उत्तम चालवलेला होता. गावाच्या बाजूला भरकटलेल्या इंग्रजांच्या ७४ व्या पलटणीची त्याने दैना केली. गोलंदाज तोफा सोडून हटले नाहीत. काही जण मेल्यासारखे पडून राहिले आणि इंग्रजांची रांग पुढे गेल्यावर उठून त्यांनी मागून पुन्हा मारा सुरू केला. तरीही लढाई संपली तेव्हा ९८ तोफा वेलस्लीच्या हाती लागल्या, कारण त्यांच्यापाठी उभं राहणारं पायदळ मागे हटलं होतं. गोलंदाजांनी आपलं काम चोख केलं. टेबलावरही तोफा पडतात त्यातल्या निम्म्या वेळा अशाच पडतात, शेजारची पलटण दुसरीकडे गेल्यामुळे. आणि तुम्ही समोरच्याच्या तोफांवर चालून जाणार असाल तर दुसरी बाजूही ध्यानात ठेवा: गोलंदाज पुरते संपवल्याशिवाय पाठ फिरवू नका.

दोन तोफा खेटून ठेवायचीही सवय असते. दिसायला छान दिसतं. पण पहिली तोफ कापून काढणारं युनिट त्याच झपाट्यात सरळ पुढे धावतं आणि दुसरीवर आदळतं. मध्ये अंतर ठेवा, आणि येणाऱ्याच्या धावेच्या रेषेत दुसरी तोफ येणार नाही असं बघा. मी एक तोफ कोपऱ्याजवळ आणि दुसरी टेबलाच्या तिसऱ्या हिश्श्यावर ठेवायला सांगतो. कोपऱ्यातल्या तोफेला दोन बाजूंनी टेबलाची कडा सांभाळते आणि तिरका मारा मिळतो; दुसरीला समोरचं मैदान मोकळं. दोघींचे मारे मध्यावर एकमेकांना छेदतात, त्यामुळे एका टेकडीआड लपलेला राक्षस दुसरीला दिसतो.

आणि गोळ्याची वाट मोकळी ठेवा. आपलंच घोडदळ दुसऱ्या टर्नला तोफेच्या तोंडासमोर येऊन उभं राहिलेलं मी इतक्यांदा पाहिलंय की मांडणी करतानाच टेबलावर दोरा ताणून ठेवा म्हणतो. त्या दोऱ्यावर आपल्या कुणीही यायचं नाही. टेकडी मिळाली तर प्रश्नच मिटतो, वरून आपल्या माणसांच्या डोक्यावरून दिसतं. दौलताबादच्या किल्ल्यावर मेंढा तोफ बघायला गेलात तर तोफेमागे उभं राहून खाली किती मुलूख नजरेत येतो ते बघा, आणि घरी येऊन आपली तोफ झाडांच्या मागे ठेवू नका.

लागतं, पण मरत नाही

इथे दोष बहुधा यादीत असतो. मोठ्या तोफेचा गोळा लागल्यावर सहात पाच वेळा घाव होतो, आणि झाला की एका फाशाएवढे घाव, सरासरी साडेतीन. २ इंची बेसवर नेम अगदी बरोबर धरला तरी एका गोळ्यामागे सरासरी दोनच्या जरा खाली घाव पडतात. सहा घावांच्या ड्रॅगनला तीन गोळे लागणार. एकटी तोफ, दोन टर्न, म्हणजे चार घाव. ड्रॅगन जखमी होऊन तुमच्या पलटणीत घुसतो आणि सगळं फाडतो. चार घाव घेतलेला ड्रॅगन आणि ताजा ड्रॅगन लढतात सारखेच.

म्हणून एकटी तोफ घेऊ नका. दोन घ्या किंवा एकही नको, हे माझं ठाम मत आहे. आणि दोन घेतल्या की दोघींचा नेम एकावरच, तो पडेपर्यंत. "एक ड्रॅगनवर, एक रथावर" असं वाटून टाकलं की दोन्ही जिवंत राहतात. जखमी राक्षसाचे उरलेले एक-दोन घाव धनुष्यवाले किंवा जादू काढू शकते, हेही तोफ डागण्याआधी ठरवून ठेवा.

एक गोष्ट मात्र हिशोबात धरलीच पाहिजे. दोन तोफा दिसल्या की शहाणा खेळाडू ड्रॅगन पुढे आणतच नाही. तो टेकडीआड थांबतो, वळसा घालतो, दोन टर्न फुकट घालवतो. तुम्हाला वाटतं तोफांनी काही मारलं नाही. पण ड्रॅगनवरचा, यादीत शेकडो गुण खर्चून घेतलेला सेनापती डावाचा तिसरा हिस्सा कोपऱ्यात बसून होता, आणि तेवढ्यात तुमच्या पलटणीने मैदान घेतलं. हे तोफांचंच काम आहे. ज्याला हे दिसत नाही तो तोफेच्या भीतीने मोकळी झालेली बाजू वापरत नाही आणि हातचा डाव घालवतो.

दगडफेकी यंत्रं आणि मॉर्टर

यांचं गणित तोफेपेक्षा वेगळं आहे. स्कॅटर डाइसच्या (दिशा ठरवणाऱ्या फाशाच्या) सहा बाजूंपैकी दोनवरच थेट नेम असतो, आणि त्याच वेळी आर्टिलरी डाइसवर मिसफायर यायला नको. म्हणजे जिथे ठेवलं तिथेच दगड पडण्याची शक्यता ३६ पैकी १०. मिसफायर सोडला तर बाकी वेळा तो फाशावरच्या बाणाच्या दिशेने १० इंचांपर्यंत भरकटणार. म्हणून याला एकटं लक्ष्य देऊ नका. जिथे शत्रूची दोन-तीन मोठी युनिट्स खांद्याला खांदा लावून उभी आहेत तिथे मधल्या युनिटवर टेम्प्लेट (माऱ्याची जागा दाखवणारी गोल चकती) ठेवा. भरकटला तरी कुणाच्या तरी डोक्यावर पडतो. आपली माणसं लक्ष्यापासून १२ इंचांच्या आत असतील तर दगड त्यांच्यावर येऊ शकतो. आणि ही यंत्रं १२ इंचांच्या आत मारू शकत नाहीत, म्हणून पलटणी एकमेकींना भिडेपर्यंत, पहिल्या दोन-तीन टर्नमध्येच त्यांचा जोर लावून घ्या.

बाणफेकी यंत्राला हे दोन्ही फासे लागत नाहीत, गोलंदाजाच्या नेमबाजीवर ते चालतं. बाण रांग भेदत जातो आणि दर रांगेला त्याची ताकद एकाने कमी होते. बाजूने मारा, बस.

मिसफायर फार पडतात

पडतात तेवढेच पडतात, सहात एक. दोन तोफा तीन टर्न चालल्या तर एक मिसफायर येणार असं धरूनच चला. त्याचा परिणाम एक टर्न वाया जाण्यापासून तोफ फुटण्यापर्यंत काहीही असतो. इलाज म्हणजे शेजारी उभा केलेला इंजिनियर. एम्पायर सैन्याचा मास्टर इंजिनियर जवळच्या एका यंत्राचा आर्टिलरी डाइस पुन्हा टाकू देतो. पहिल्या फाशाचा मिसफायर असा परत टाकला तर मघाचे ३६ पैकी २४ हे २८ होतात. पण परत टाकायची संधी टप्प्याच्या फाशावर उधळू नका, तिथल्या मिसफायरने तोफ फुटत नाही.

आपल्याकडच्या काही अडचणी

उन्हाळ्यात पंखा बंद ठेवून खेळणं आपल्याकडे शक्य नाही, आणि पंख्याखाली कागदी टेम्प्लेट जागेवर राहत नाही. नेमप्लेट बनवणाऱ्या दुकानातून पारदर्शक ॲक्रिलिकची ३ इंच व्यासाची चकती कापून घ्या, मधोमध भोक पाडून. वजनाने ती हलत नाही आणि खालचे सैनिक दिसतात.

रेझिनच्या तोफेची नळी एप्रिल-मे महिन्यात बंद गाडीत राहिली तर वाकते. घाबरून मोडू नका. गरम पाण्यात थोडा वेळ धरा, नरम झाली की सरळ करा आणि लगेच थंड पाण्यात घाला. टेपही सुताराचा असेल तर इंचाची बाजू आपल्याकडे येईल असा धरा; घाईत सेंटिमीटरचा आकडा वाचून नेम सांगितलेले लोक आहेत.

तरीही जमत नसेल तर

डाव सुरू व्हायच्या आधी, मांडणी पूर्ण झाल्यावर, खुर्चीवर उभं राहून वरून एक फोटो काढा. मग यादीच्या मागे दर टर्नला चार रकाने भरा: नेमाचा बिंदू, पहिला फासा, टप्पा, कुणाला लागलं. पाचवा रकाना असा की या टर्नला समोरच्याने तोफेमुळे काय हलवलं किंवा काय हलवलं नाही.

चार-पाच डावांचे कागद शेजारी ठेवले की बिघाड कुठे आहे ते दिसतं. फासे चांगले पण चौथा रकाना रिकामा, तर नेमाचा बिंदू पुढे जातोय. मागच्या कडेतून १० वजा करायची सवय लागलेली नाही. तिसऱ्या टर्ननंतर कागदच कोरा, तर फोटो उघडा आणि तोफेच्या मागची, बाजूची मोकळी जागा बघा. शत्रू तिथूनच आलाय. चौथा रकाना भरलेला पण राक्षस जिवंत, तर नेम दोन लक्ष्यांत वाटला जातोय. पाचवा रकाना प्रत्येक टर्नला भरलेला आणि तरी डाव हरला, तर तोफा ठीक आहेत. त्या राक्षसाला रोखून धरत असताना तुमची मधली पलटण काय करत होती ते तपासा.